खात्रीबुवा प्रोसेसर बदलतात

“एक तास! फक्त एक तास! त्यानंतर तुझा कॉम्प्युटर असा पळायला लागेल, की त्याला आवरायला वेगळा माणूस ठेवावा लागेल!”

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता खात्रीबुवांनी ही घोषणा केली. त्यांची बायको हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती उठली, कॉम्प्युटरवरचं आपलं सगळं काम तिने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि पर्स खांद्याला अडकवूनच भाजी चिरायला बसली. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

खात्रीबुवा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण दर दोन वाक्यांनंतर ‘खात्रीने सांगतो’ म्हणणाऱ्या माणसाचं खरं नाव किती दिवस टिकणार? एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात ते नोकरीला होते. नटबोल्टपासून खुर्च्यांपर्यंत सगळं तेच खरेदी करायचे, आणि ऑफिसातून घरी आले तरी त्यांच्यातला खरेदी विभाग काही बंद व्हायचा नाही. त्यांचं एक तत्त्व होतं: नातेवाइकांनी सगळं एकसारखं घ्यावं! त्यामुळे त्यांच्या घरी, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे आणि मेहुण्याकडे कुकर एकाच कंपनीचा, मिक्सर एकाच कंपनीचा आणि छत्र्याही एकाच रंगाच्या होत्या. एकत्र जमले की परत जाताना प्रत्येक जण दुसऱ्याचीच छत्री घेऊन जायचा. “पण कुणाला कळतं का? नाही ना? हाच तर फायदा!” असं खात्रीबुवा म्हणायचे.

याच तत्त्वाला धरून तिघांच्याही कॉम्प्युटरमध्ये त्यांनी मदरबोर्ड, म्हणजे आतले सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, एकच बसवून घेतला होता. बाजारातला सगळ्यात साधा, सगळ्यात स्वस्त. प्रोसेसरही तिन्हीकडे तोच. “उद्या एकाचा बिघडला, तर दुसऱ्याचा काढून लावता येईल,” असं त्यांनी तेव्हाच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. दुसऱ्याचा काढल्यावर त्या दुसऱ्याने काय करायचं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आता बायकोला त्या कॉम्प्युटरची एवढी निकड का होती, तेही सांगायला हवं. ती घरबसल्या चित्रं करून द्यायची. साधीसुधी नव्हेत हं! जी घरं अजून बांधूनच झालेली नाहीत, त्यांच्या खोल्या आतून कशा दिसतील, याची हुबेहूब चित्रं. खिडकीतून आलेलं ऊन सोफ्यावर कसं पडेल, इथपर्यंत सगळं! पण ते ऊन पाडायला त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात खरंखुरं ऊन येऊन निघून जायचं. एका मोठ्या आर्किटेक्ट बाईंनी तिला नमुन्यादाखल काम दिलं होतं. सोमवारी सकाळी चित्रं द्यायची, पसंत पडली तर कायमचं काम. बाकी सगळी झाली होती, फक्त दिवाणखान्याचं मोठं चित्र राहिलं होतं. आणि त्यातच तो कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने थिजून बसायचा.

“अहो, माझ्या भावाला विचारा ना एकदा,” तिने आदल्या आठवड्यात सुचवून पाहिलं होतं. तिचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर, पण कॉम्प्युटरचं त्याला बऱ्यापैकी कळायचं.

“दाताच्या डॉक्टरला? उद्या माझी दाढ दुखली की इलेक्ट्रिशियनकडे जाऊ का?”

संपला विषय!

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. प्रोसेसर निवडण्यात खात्रीबुवांनी हयगय केली नाही. आठवडाभर ते ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हेच वाचत होते. दुकानदाराने सगळ्यात दांडगा, सगळ्यात महाग प्रोसेसर पुढे केला, तेव्हा ते नुसते हसले.

“हा माझ्या बोर्डावर बसेल, पण बोर्डाला पेलेल का? याला जेवढी वीज लागते, तेवढी पुरवताना माझा गरीब बोर्ड तापून आडवा होईल. एका खोलीच्या घरात हत्ती पाळायला सांगताय तुम्ही मला!”

दुकानदार चपापला. खात्रीबुवांनी मग मधला एक निवडला. सहा कोअरचा, कमी वीज खाणारा, जुन्यापेक्षा कितीतरी पटींनी चपळ आणि खिशाला परवडणारा. बोर्डाच्या खाचेत नेमका बसणारा. निवड अगदी बिनचूक होती. दुकानदारालाही मान्य करावं लागलं.

“बरोबर निवडलात, साहेब. फक्त बसवण्याआधी ते बायोसचं तेवढं...”

“खात्रीने सांगतो,” खात्रीबुवांनी हात वर केला, “मला सगळं माहीत आहे!”

तर असा हा रविवार. खात्रीबुवांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, कॉम्प्युटरचं खोकं आडवं केलं, पंखा सोडवला, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला. सगळं कसं लोण्यासारखं! एकदासुद्धा अडलं नाही. एवढं सोपं जातंय म्हटल्यावर त्यांना राहवेना. कॉम्प्युटर सुरू करून बघायच्या आधीच त्यांनी ड्रिल मशीन काढलं.

“अहो, आता हे कशाला?” घर्रर्र आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

“तुझ्यासाठी भेट!” खात्रीबुवांनी तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. जुडग्यात जुना प्रोसेसर लटकत होता. मधोमध भोक पाडून त्यात त्यांनी कडी ओवली होती. “जगात कुणाकडे असलं कीचेन नसेल!”

“नसेलच,” बायको म्हणाली. “पण आधी नवा चालतोय का, ते बघून तरी...”

“न चालायला काय झालंय?”

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

त्यांनी वायर काढून पुन्हा लावली. पडदा काळा. दुसरी वायर लावली. काळा. मॉनिटरला दोन्ही बाजूंनी थोपटलं. खोकं उभं केलं, आडवं केलं, त्याच्याकडे पाठ करून एकदम वळून पाहिलं. पंखा मजेत फिरत होता आणि पडदा कोळशासारखा काळा होता.

“अहो, एक तास झाला.”

“गरम होतोय तो अजून. नवा आहे!”

शेवटी त्यांनी दुकानदाराला फोन लावला. रविवारी दुकान बंद. दुकानदार कुठल्याशा लग्नात होता आणि मागे कुणीतरी माइकवर आरडाओरडा करत होतं.

“साहेब, मी तेच सांगत होतो!” दुकानदार ओरडून बोलत होता. “तुमचा बोर्ड जुना आहे. हा प्रोसेसर त्याच्यानंतर बाजारात आलाय. बोर्ड त्याला ओळखतच नाही! बोर्डात बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो आधी नवा करून घ्यायचा. मग ओळख पटते!”

“मग करतो की आत्ता!”

“आत्ता कसा कराल? कॉम्प्युटर चालू व्हायला हवा ना! काही नाही, सोपं आहे. जुना प्रोसेसर परत बसवा, बायोस नवा करा, मग हा लावा. पाहुण्याची ओळख करून द्यायला घरातलं माणूस लागतंच की!”

खात्रीबुवांनी बायकोच्या हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. घरातलं माणूस तिथे लटकत होतं.

“बरं, समजा,” त्यांनी आवाज खाली आणला, “त्या जुन्या प्रोसेसरला एखादं लहानसं भोक पडलेलं असेल, तर?”

“भोक? कुठे?”

“मधोमध.”



“साहेब, इथे फार गोंधळ आहे, नीट ऐकू येत नाहीये,” म्हणून दुकानदाराने फोन ठेवला.

बायकोने शांतपणे गॅस बंद केला आणि पायांत चपला सरकवल्या. पर्स खांद्याला होतीच. तिचा चेहरा उतरला होता आणि ते पाहून खात्रीबुवा लगबगीने तिच्या वाटेत आडवे आले. गेले दोन महिने ती या कामामागे जिवाचं रान करत होती, हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच?

“अगं, निघालीस कुठे? तुझं चित्र आज होणार म्हणजे होणार! खात्रीने सांगतो!”

“मी जरा बघून येते, काय होतंय का ते. तुम्ही चालू द्या तुमचं.”

ती गेली. खात्रीबुवांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. आणि मग त्यांना आपलं ते जुनं तत्त्व लख्खकन आठवलं. एकाचा बिघडला, तर दुसऱ्याचा! ताईकडे अगदी तोच प्रोसेसर होता!

त्यांची ताई गणिताच्या शिकवण्या घ्यायची. मुलं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर बसायची आणि ताई इकडून त्यांना झाडायची. खात्रीबुवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात उभे राहिलेले पाहताच तिच्या कपाळावर आठी पडली.

“संध्याकाळी माझा क्लास आहे हं! उद्या मुलांचा पेपर आहे.”

“अगं, संध्याकाळ कसली घेऊन बसलीस? तू चहा टाक. चहा गार व्हायच्या आत प्रोसेसर परत आणून लावतो!”

“मी चहा पीत नाही, हे तुला माहीत आहे.”

“मग तर प्रश्नच मिटला!”

ताई दारातून वळेपर्यंत खोकं उघडलंसुद्धा. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये एक लेप असतो. घरी तो खात्रीबुवांनी मध्यंतरी पंखा साफ करताना बदलला होता. ताईकडचा मात्र पहिल्या दिवसापासूनचा, वाळून खडक झालेला. पंखा हलेना. खात्रीबुवांनी ओढला. हलेना. त्यांनी एक पाय टेबलाच्या कडेला लावला, श्वास रोखला आणि दिला हिसका!

खाट्! पंखा हातात आला. पंख्याला चिकटून प्रोसेसरही उपटून आला.

“अरे, तो असाच येतो का?” ताईने विचारलं.

“कधी कधी येतो,” खात्रीबुवा म्हणाले.

पण त्यांचे डोळे प्रोसेसरच्या पोटाकडे लागले होते. तिथे शेकडो बारीक पिना असतात, केसांइतक्या. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या पिना अशा वाकल्या होत्या, जणू सगळ्या मिळून वाकून नमस्कार करताहेत.

“ताई, तुझ्याकडे बारीक चिमटा आहे?”

“भुवयांचा आहे.”

“त्याहून बारीक?”

“त्याहून बारीक कुणाकडे असणार? डॉक्टरकडे!”

आणि खात्रीबुवा उठून उभेच राहिले! अहो, घरात दातांचा डॉक्टर असताना वाकड्या पिनांना घाबरायचं? दाताच्या डॉक्टरचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, असं आठवड्यापूर्वी कोण म्हणालं होतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी दुपारीही मेहुण्याचा दवाखाना भरलेला असायचा. आत खुर्चीवर एक जाडजूड पेशंट तोंडाचा ‘आ’ वासून पडला होता. बधिर करायचं इंजेक्शन नुकतंच दिलं होतं आणि ते चढायची वाट बघत मेहुणा हातमोजे घालून उभा होता. खात्रीबुवा सरळ आत घुसले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेला प्रोसेसर त्याच्यापुढे धरला.

“डॉक्टर, इमर्जन्सी!”

“भावोजी, आत पेशंट आहे!”

“याला बधिर व्हायला वेळ आहे ना अजून? तेवढ्यात होईल!”

मेहुण्याने कपाळावरचा दिवा खाली ओढला आणि पाहिलं. माणूस मुळात हौशी. वाकडी रांग दिसली की त्याचे हात शिवशिवायचे.

“अरेरे! चांगल्याच वाकल्यात की. कधीपासून आहेत?”

“आत्ताच. अपघात झाला.”

“बघू. थोडं दुखेल हं,” मेहुणा सवयीने प्रोसेसरला म्हणाला आणि कामाला लागला. सगळ्यात बारीक हत्यार घेऊन तो एकेक पिन हलक्या हाताने सरळ करू लागला. खात्रीबुवा त्याच्या डाव्या खांद्यावरून वाकले. खुर्चीतला पेशंट उठून बसला आणि उजव्या खांद्यावरून वाकला.

“ओ हावीहहची अहून हाकही आहे!” पेशंट म्हणाला. अर्धं तोंड बधिर झालं होतं, पण नजर तयार होती.

“कुठली? हो की! डावीकडची अजून वाकडी आहे. थँक यू,” मेहुणा म्हणाला.

सगळ्या पिना ताठ उभ्या राहिल्या. फक्त कोपऱ्यातली शेवटची उरली. तिघांनीही श्वास रोखले. मेहुण्याने हत्यार लावलं, अलगद वळवलं, आणि ती पिन टुणकन उडून पेशंटच्या छातीवरच्या रुमालावर पडली.

“मुळापासून आली,” मेहुणा हळहळत म्हणाला.

“मग? खोटी बसवता येत नाही का? कॅप वगैरे?”

“भावोजी, हा प्रोसेसर आहे!”

“अहेहे!” पेशंटनेही हळहळ व्यक्त केली.

म्हणजे आता खात्रीबुवांचा कॉम्प्युटर बंद होता आणि ताईचाही बंद होता. शहाण्या माणसाने इथे थांबून सगळ्यांची माफी मागितली असती. पण खात्रीबुवांची नजर दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली. त्यावर पेशंटच्या दाढेचा एक्स-रे दिसत होता. आणि त्या एक्स-रेच्या मागे, त्या खोक्यात, तोच बोर्ड होता! तोच प्रोसेसर!

“नाही,” मेहुणा म्हणाला.

“मी अजून काही बोललोच नाही.”

“तुम्ही माझ्या कॉम्प्युटरकडे बघितलंत, भावोजी. माझे सगळे एक्स-रे त्यात आहेत!”

“एक्स-रे काय, दात तर तोंडात डोकावूनही बघता येतात! अरे, तुझ्या बहिणीच्या कामाचा प्रश्न आहे. तिचं ते चित्र राहिलं, तर...” आणि इथे खात्रीबुवांनी मेहुण्याचा हातमोज्यातला हातच धरला. “तिला काय तोंड दाखवू मी?”

मेहुण्याने आपल्या बहिणीला, म्हणजे खात्रीबुवांच्या बायकोला, फोन लावला. ती कुठेतरी गडबडीत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाली, “देऊन टाक रे बाबा. त्यांना तेवढ्यात गुंतलेले राहू दे. मला इथे जरा वेळ लागेल.”

खात्रीबुवांना यातलं फक्त ‘देऊन टाक’ एवढंच ऐकवण्यात आलं.

मेहुण्याने मात्र त्यांना हात लावू दिला नाही. आधी त्याने बायोसची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली. मग कॉम्प्युटर चांगला तापू दिला, पंखा हळूच डावीउजवीकडे फिरवून सैल केला आणि अलगद उचलला. प्रोसेसर जागच्या जागी, एकही पिन वाकडी नाही.

“ओढायचं नसतं, भावोजी. आधी हलवून सैल करायचं, मग काढायचं. दाढेचंही असंच असतं,” असं म्हणून तो पेशंटकडे वळला. पेशंट मात्र एव्हाना खुर्चीतून उतरून दाराशी पोचला होता.

संध्याकाळ व्हायच्या बेताला घरी येऊन खात्रीबुवांनी मेहुण्याचा प्रोसेसर बसवला. बटण दाबलं. पडदा उजळला! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पेन ड्राइव्ह लावला, बायोस नवा व्हायला सुरुवात झाली. पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना आली, की काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. मध्येच वीज गेली, तर बोर्ड कायमचा मेला!

खात्रीबुवांनी घरातले सगळे दिवे बंद केले. फ्रिज बंद केला. स्वतःचा मोबाइलही बंद केला, त्याचा काही संबंध नव्हता तरी. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती आणि ते खुर्चीत हात जोडून बसले होते. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली आणि दार धाडकन उघडलं.

ताई! एका हातात वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याचं स्टँड.

“कुठे आहे माझा प्रोसेसर? फोन का बंद केलास? आणि अंधारात काय बसलायस असा?”

“ताई, हळू! हलू नकोस! श्वाससुद्धा बेताने घे!”

“माझा क्लास आहे, श्वास काय बेताने घे!” ताई तावातावाने भिंतीकडे निघाली. “माझ्या फोनची बॅटरी संपलीय. हा कसला प्लग आहे? काढते मी...”

“ना... ही... ताई!”

खात्रीबुवांनी खुर्चीवरून जी झेप घेतली, ती त्यांच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी पाहिली असती, तर धन्य झाले असते. ते थेट प्लगवर जाऊन पडले आणि दोन्ही हातांनी भिंतीला मिठी मारून तिथेच राहिले. ताईने त्यांना ओढून पाहिलं, गुदगुल्याही करून पाहिल्या. लहानपणी गुदगुल्यांनी ते लगेच शरण यायचे. आज मात्र खिदळत, ओरडत, रडकुंडीला येऊनही त्यांनी भिंत सोडली नाही.

टिंग! निळी पट्टी पूर्ण झाली.

पुढचं सगळं खरंच झटपट झालं. मेहुण्याचा प्रोसेसर निघाला. आधी सैल करून, मग अलगद, आणि परत द्यायला डबीत गेला. नवा बसला. बटण दाबलं आणि खात्रीबुवांनी डोळे मिटून घेतले.

“लागला की,” ताई म्हणाली.

लागला! नुसता लागला नाही, पळत सुटला! त्यांनी बायकोचं चित्रांचं सॉफ्टवेअर उघडलं, जुनं एक चित्र करायला टाकलं, आणि ताईने वह्या टेबलावर ठेवेपर्यंत सोफ्यावर ऊन पडलंसुद्धा!

“बघितलंस? बघितलंस? बोर्ड तोच, स्वस्तातला! पण प्रोसेसर कसा निवडलाय बघ! खात्रीने सांगत होतो की नाही मी?” खात्रीबुवा खोलीभर नाचले. आता फक्त बायको यायची देर होती. ती येईल, पेन ड्राइव्ह लावेल, दिवाणखान्याचं चित्र बघता बघता होईल आणि ती म्हणेल... काय म्हणेल, ते त्यांनी दोनतीन प्रकारांनी मनात म्हणून पाहिलं. सगळेच प्रकार त्यांना आवडले.

बायको आली. चेहरा फुललेला, हातात मिठाईचा पुडा.

“अगं ये, ये! बस खुर्चीत! लाव तुझा पेन ड्राइव्ह!”

“कशाला? चित्र झालं की!”

“झालं? कुठे?”

“आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात. त्यांना फोन करून खरं तेच सांगितलं, की घरचा कॉम्प्युटर नवरा दुरुस्त करतोय. म्हटलं, एक दिवस मुदत वाढवून मागावी. तर त्या घाबरल्याच! म्हणाल्या, अशीच्या अशी निघून ये, मी ऑफिस उघडते. त्यांच्या घरीही एक आहे म्हणे, तुमच्यासारखाच. त्यांनी समोर बसून सगळं काम पाहिलं. आणि अहो, काम पक्कं झालं! कायमचं!”

खात्रीबुवांना इतका आनंद झाला, की ते क्षणभर प्रोसेसरलाही विसरले. त्यांनी पुड्यातला अख्खा पेढा तिला भरवला, एक ताईला भरवला. मग हळूहळू त्यांना आठवलं.

“आता तर बरंच झालं! त्यांचं सगळं काम आता या मशीनवर...”

“नाही हो. उद्यापासून मी त्यांच्या ऑफिसातच जाणार. कामाची अटच आहे त्यांची, की घरी बसून काही करायचं नाही.”

“म्हणजे... हा कॉम्प्युटर?”

“तो ताईंना देऊन टाकू या. त्यांचा क्लास आहे ना आत्ता?”

ताईने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. तिने कधीच खुर्चीचा ताबा घेतला होता आणि कॅमेऱ्याचं स्टँड लावून ती कुणालातरी सातचा पाढा विचारत होती. पडद्यावरची मुलं एकदम स्पष्ट आणि न अडखळता दिसत होती. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून खात्रीबुवा भिंतीला चिकटून, पोट आत घेऊन उभे राहिले.

मग त्यांचे डोळे पुन्हा लुकलुकायला लागले. ते बायकोच्या कानाशी लागले.

“काय गं, त्या ऑफिसात कुठला प्रोसेसर आहे?”

“माहीत नाही.”

“अगं, मग विचार की! उद्या डबा द्यायच्या निमित्ताने मी जरा येऊन...”

“तीच तर दुसरी अट आहे,” बायको म्हणाली.